ग्रुनफेल्डमधला ‘इंडियन’ कुठला?

ग्रुनफेल्ड बचाव ही बुद्धिबळात काळ्याने डाव सुरू करायची एक पद्धत. तिला नाव मिळाले ते व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डवरून, म्हणून या बचावाचा इतिहास बहुतेक ठिकाणी १९२२ सालच्या व्हिएन्नापासून सुरू होतो. पटावर तो त्याआधी ६७ वर्षे येऊन गेला होता, कलकत्त्यात. १८५५ च्या त्या डावात पांढरी मोहरी एका स्कॉटिश बॅरिस्टरकडे होती आणि काळी एका बंगाली ब्राह्मणाकडे. काळ्याने घोडा एफ-६ (म्हणजे एफ स्तंभातले सहावे घर), प्यादे जी-६ आणि तिसऱ्या खेळीला प्यादे डी-५ असे खेळून मांडणी केली. पुढे तो हरला, तोही देखणा हरला: दुहेरी शह, वजिराचा बळी आणि आपल्याच हत्तीने कोंडलेल्या राजावर घोड्याची मात.

ग्रुनफेल्ड मोडतो ‘इंडियन’ म्हणवणाऱ्या बचावांच्या कुळात, आणि घोळ आहे तो या ‘इंडियन’ शब्दाचा. नेहमीचा खुलासा असा की देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरके. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) नव्हते, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई. प्रांतोप्रांती फरक होतेच. तर अशा खेळात मुरलेला माणूस साहजिकच प्यादे जी-६ ला सरकवून उंट जी-७ वर बसवणार, आणि म्हणून हे बचाव ‘इंडियन’. याच कुळातल्या किंग्ज इंडियन बचावाला, जिथे डी-प्यादे आधी एकच घर सरकते, हे लागू पडेलही. या डावाला मात्र पडत नाही. तिसऱ्या खेळीचे डी-५ ही थेट दोन घरांची चाल, आठवे सी-५ तसेच. देशी नियमात यातली एकही बसत नाही. म्हणजे पाश्चात्त्य नियम कोळून प्यायलेल्या माणसाने विचार करून मध्यावर मारलेली ही धडक आहे. तिला ‘सवय’ म्हणणे म्हणजे श्रेय देता देता काढून घेणे. १९२० च्या दशकात ‘इंडियन’ हे कुळाचे नाव म्हणून रूढ झाले आणि या शाखेवर व्हिएन्नाची पाटी लागली.

त्यानंतर ग्रुनफेल्ड जगज्जेतेपदाच्या लढतींत वारंवार दिसला. आपल्याकडच्यांना आठवतो तो २०१० चा सोफियातला पहिला डाव. ज्वालामुखीच्या राखेने विमाने बंद, त्यामुळे भारतीय जगज्जेता फ्रँकफर्टहून मोटारीने पोहोचला. लढत तीन दिवस पुढे ढकलायची विनंती होती, मिळाला एकच. काळ्या मोहऱ्यांनी त्याने ग्रुनफेल्ड लावला. तेविसाव्या खेळीला राजा एफ-७ वर नेला, समोरच्याने लगेच एफ-६ वर घोडा झोकून दिला आणि जगज्जेता तीस खेळ्यांत हरला. दहाव्या डावात त्याने पुन्हा ग्रुनफेल्डच लावला, बरोबरी झाली. बारावा डाव काळ्याच मोहऱ्यांनी जिंकून त्याने किताब राखला. त्या डावाची सुरुवात मात्र साधी क्वीन्स गॅम्बिटची होती.