तूप बंद केलं, तरी ट्रायग्लिसराइड का उतरत नाही?

रिपोर्टात ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २८० आलं की घरात पहिला घाव तुपाच्या बरणीवर पडतो. पोळी कोरडी होते, तरी तीन महिन्यांनी आकडा तिथल्या तिथेच. कारण सकाळचे पोहे, दुपारचा ताटभर भात, चहाबरोबरची खारी, सगळं तसंच चालू असतं. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे ३२ ग्रॅम, तीही नुसती पिण्यातून.

दहा-बारा तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात आदल्या जेवणातली चरबी बहुतेक संपलेली असते. उरतं ते यकृताने बनवून पाठवलेलं ट्रायग्लिसराइड. त्याला कच्चा माल पुरवतात पोटावरची चरबी, जादा साखर, मैदा आणि दारू. म्हणून १५० ते ५०० च्या पट्ट्यात आधी साखर-पिष्ट कमी करायचं, मग तेल मोजायचं: माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला तीन लहान चमचे.

नाशिककरांची अडचण द्राक्षांची. वाटीभर द्राक्षं चालतात, रस नको. मनुका वाळताना पाणी उडतं, साखर राहते: १०० ग्रॅम द्राक्षांत साखर सुमारे १६ ग्रॅम, तेवढ्याच मनुकांत ६० च्या वर. इथली वाइनही दारूच. ‘हृदयाला चांगली’ हा युक्तिवाद या रिपोर्टपुढे चालत नाही. मिसळ खायचीच तर तर्री वरून काढून टाका, मटकी वाढवून घ्या, फरसाण चिमूटभर, पाव एकच. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र जवळपास निव्वळ पिष्ट, वर तेल; तिच्यापेक्षा ताक आणि एखादं फळ बरं. एरवी भात अर्धा करून उसळ आणि कोशिंबीर दुप्पट करा, पोट भरतं.

पाचशेच्या वर गेल्यावर गणित बदलतं. रक्तातली चरबी हटवणारं विकर (एन्झाइम) तिथे अपुरं पडू लागतं आणि जेवणातली चरबीही रक्तात साचते. हजाराच्या पुढे तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. तेव्हा तेल-तूप, खोबरं, शेंगदाणे सगळंच कडक तोडावं लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि औषधासह. पोटाच्या वरच्या भागात, पाठीत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या आल्या तर घरी थांबू नका.

आहार बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. आधीचे तीन दिवस दारू टाळा, नाहीतर आकडा फुगतो. थायरॉइड आणि साखरही त्याच रक्तात बघून घ्या. ती बिघडलेली असतील तर नुसत्या पथ्याने भागत नाही.