पासबरोबर आयकार्ड का मागतात, ही पद्धत आली कुठून

पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये पास दाखवला की कंडक्टर आयकार्ड पण मागतात, आणि गर्दीच्या वेळी हमखास कुणाची तरी हुज्जत होते, म्हणून यामागचं थोडं सांगावंसं वाटलं.

पास म्हणजे पैसे एकदा भरा आणि मुदतीत कितीही फेऱ्या मारा. हा दर परवडतो कारण तो एकच माणूस वापरणार असं धरलेलं असतं. सकाळी भाऊ कंपनीत घेऊन गेला आणि संध्याकाळी तोच पास घेऊन बहीण क्लासला निघाली की सगळा हिशोबच बिघडतो. म्हणून पासवर नाव आलं, पण नावावरून माणूस ओळखता येत नाही, त्याला फोटो लागतो.

आणि खरी अडचण तिथेच होती, कारण आपल्याकडे साध्या माणसाजवळ फोटोवालं सरकारी कार्ड नसायचंच. लायसन्स, पासपोर्ट मोजक्यांकडे. मतदार ओळखपत्र मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात, १९९३ पासून सुरू झालं, आणि पहिलं आधार तर २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. तोपर्यंत जो पास देणार त्यालाच ओळखपत्र पण बनवून द्यावं लागायचं.

लोणावळा लोकलचे किंवा डेक्कन क्वीनचे जुने पासवाले असतील त्यांना रेल्वेचं ते कार्ड आठवेल, एक रुपयात मिळणारं, सात वर्षं चालणारं, चिकटवलेल्या फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का, म्हणजे फोटो बदलला की लगेच कळणार. त्या कार्डाचा नंबर पासवर लिहिलेला असायचा, त्यामुळे दोन्ही जुळलं तरच पास खरा. सीझन तिकीट म्हणजे रेल्वेचा पास दुसऱ्याला देणं १९८९ च्या रेल्वे कायद्यात गुन्हाच आहे.

इकडे बसचं बघायचं तर पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी २००७ मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल, म्हणजे आपली पीएमपी झाली. विद्यार्थ्यांच्या पासला बोनाफाईड म्हणजे शाळा-कॉलेजचा दाखला लागतो, जूनमध्ये पास केंद्रावर रांगा लागतात त्या यासाठीच. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास आहे, तिथे कार्ड बघतात ते वयासाठी.

म्हणजे यात दोन वेगळे प्रश्न आहेत, पास ज्याचा आहे तो हाच का, आणि याला सवलत लागू आहे का. दुसऱ्याचं उत्तर पास काढताना एकदाच घेतलं की झालं, पहिल्यासाठी मात्र गाडीत बघावंच लागतं, आणि वाद होतात ते बहुतेक हे दोन्ही एकत्र झाल्यामुळे. मेट्रोचं साधं कार्ड गेटवर फक्त बॅलन्स बघतं कारण तिथे प्रत्येक फेरीचे पैसे कापले जातात, कार्ड कुणाच्या हातात आहे याने काही फरक पडत नाही.

कंडक्टरांनी आयकार्ड मागणं मला तरी चूक वाटत नाही, ते त्यांचं कामच आहे. पण ओरिजिनल आधारच दाखवा असा हट्ट कुठेच नको, म्हाताऱ्या माणसांना ते हरवायची भीती असते आणि ती रास्त आहे. रेल्वेने २०१८ मध्येच डिजिलॉकर या सरकारी ॲपमधलं आधार आणि लायसन्स चालेल असं सांगितलं, तसंच फोटो असलेलं कुठलंही सरकारी कार्ड, मोबाईलमधलं का असेना, प्रत्येक बसमध्ये चाललं पाहिजे, आणि तसा बोर्ड गाडीत दरवाजाजवळ मोठ्या अक्षरात मराठीतून लावला पाहिजे.