शाहूपुरी-विलासपूरकरांनो, नगरसेवकपदासाठी अर्ज भरताना

सातारा नगरपालिका 1853 सालची. शाहूपुरी, विलासपूर आणि ना ग्रामपंचायतीत ना पालिकेत, म्हणून ‘त्रिशंकू’ असा हिणवला गेलेला शाहूनगरचा भाग मात्र तिच्यात आला तो 2020 च्या हद्दवाढीत. पुढे डिसेंबर 2021 मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक बसले आणि या उपनगरांना पालिकेसाठी पहिलं मतदान करायला थेट डिसेंबर 2025 उजाडलं. सदस्यसंख्या आधी 40 होती, आता 25 प्रभागांतून 50 नगरसेवक निवडले जातात. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मुरलेल्यांनाही इथले कागद नवे वाटतात.

पहिली गोष्ट मतदारयादी. पालिकेची वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडतात. प्रारूप यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हलवता येतं, नवं नाव घालता येत नाही. त्यासाठी नमुना 6, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज, आधीच भरलेला हवा. पुण्याला नोकरीला असलेल्यांची नावं नेमकी इथेच अडकतात. तुमचं नाव शहरातल्या कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं. सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा, मात्र तुम्ही उभे राहणार त्याच प्रभागातला मतदार लागतो.

वय किमान 21 वर्षे पूर्ण. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यसंख्या दोनच्या वर गेली असेल, तर अपात्रता. पालिकेचा ठेका घेतला असेल तरी अडचण येते. घरपट्टी-पाणीपट्टी तुंबली असेल तर ती आधी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. छाननीत विरोधक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

अर्ज आणि शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचं, प्रिंट काढून सही करायची आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची. शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं येतं. रकाना लागू नसेल तर ‘निरंक’ लिहा, कोरा सोडू नका. सोबत अनामत रकमेची पावती, शौचालय वापराबाबतचा कागद आणि निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा तपशील. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, असेल तर तो अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत पोहोचलाच पाहिजे. साताऱ्यात आघाड्यांच्या राजकारणात वर्षानुवर्षं शेवटच्या क्षणापर्यंत नावं बदलत आली आहेत, म्हणून तिकिटाच्या भरवशावर न राहता अपक्ष म्हणूनही एक अर्ज भरून ठेवणारे शहाणेच म्हणायचे.

निम्म्या जागा महिलांसाठी असतात. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. वैधता हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आणि हमीपत्र चालतं; पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं. आरक्षणाची सोडत निघेपर्यंत थांबू नका, पडताळणीचा अर्ज आजच टाका.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. हरलेल्यांनाही.