आफ्रिकी सफारीचा हंगाम

आफ्रिकेतील वन्यजीव पाहण्यासाठी निवडायचा काळ. स्वाहिली भाषेत ‘सफारी’ म्हणजे प्रवास. अरबी ‘सफर’वरून आलेला हा शब्द मराठीतल्या ‘सफर’चा सख्खा भाऊच. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या हंगामाचे उत्तर ठरलेले असते : जुलै ते ऑक्टोबर. ते चूक नाही, पण अर्धेच खरे आहे. हा खंड विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेला असल्याने एकाच महिन्यात एकीकडे चिखल असतो, तर दुसरीकडे धूळ. हंगाम ठरतो तो पावसावर आणि पाऊस सरल्यावर पाणी कुठे उरते यावर. म्हणून काय पाहायचे ते आधी ठरवावे, महिना मागाहून.

कोरड्या काळाला पसंती मिळते तिचे कारण साधे आहे. गवत वाळते, झुडपांची पाने झडतात, डबकी आटतात आणि जनावरांना उरलेल्या पाण्यावर यावेच लागते. ताडोब्याला भर मे महिन्यात जाणाऱ्यांना हे गणित समजावून सांगायला नको. टांझानियातील तारांगिरे नदीचे पात्र आटले की हत्ती सोंडेने आणि पायांनी वाळू उकरतात. आपल्याकडे नदीत झिरा खणतात तसाच हा प्रकार. हत्ती पिऊन गेले की त्याच खड्ड्यावर इतर जनावरे तहान भागवतात. नामिबियातील एटोशा उद्यानात ओकाउकुएयो येथील पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात. गाडीत बसून भटकण्याऐवजी तिथल्या बाकावर गप्प बसून राहिले, तर दुर्मीळ काळा गेंडा स्वतःहून समोर येऊन पाणी पितो. हत्तींचा कळप आला की इतर जनावरे निमूटपणे बाजूला होतात.

दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, झिंबाब्वे, झांबिया या पट्ट्यात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो आणि मे ते ऑक्टोबर हा काळ कोरडा. दक्षिण गोलार्धात जून-जुलै म्हणजे हिवाळा, हे विसरून सुती सदऱ्यांवर निघालेला प्रवासी पहाटेच्या उघड्या जीपमध्ये कुडकुडतो. क्रूगर उद्यानातल्या जुलैच्या सकाळी स्वेटर, कानटोपी आणि मांडीवर घोंगडी, तिन्ही लागतात. याच महिन्यांत डासही कमी असतात. रानकुत्र्यांची पिल्ले साधारण याच सुमारास बिळात असतात. एरवी मैलोन्‌मैल भटकणारी टोळी त्यामुळे काही आठवडे एकाच जागी सापडते. ऑक्टोबर मात्र कस पाहणारा. झांबियातील लुआंग्वा नदीचे खोरे तेव्हा भट्टीसारखे तापते, पाणघोडे उरल्यासुरल्या डोहांत एकमेकांना खेटून पडलेले असतात आणि नदीच्या उभ्या काठांत लालभडक वेड्या राघूंनी घरटी कोरलेली असतात. ऊन सोसणाऱ्याला इतके प्राणी दुसऱ्या कुठल्या महिन्यात क्वचितच दिसतील.

बोट्स्वानातील ओकाव्हँगोच्या त्रिभुज प्रदेशात सगळे उलटे चालते. इथली नदी समुद्राला मिळतच नाही. कालाहारीच्या वाळूत पसरून जिरते आणि वाफ होऊन उडते. पूर आणणारा पाऊस पडतो तो दूर अंगोलाच्या डोंगराळ भागात, वर्षाच्या सुरुवातीला. जमिनीचा उतार इतका मंद आहे की ते पाणी बोट्स्वानात पसरायला काही महिने घेते. परिणामी स्थानिक आभाळ कोरडे ठणठणीत असताना, जून ते ऑगस्टमध्ये, जमिनीवर पूर असतो. मोकोरो नावाच्या अरुंद होडीतून लव्हाळ्यांमधून फिरायचे असेल, तर हाच काळ.

पूर्व आफ्रिकेत पाऊस वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, त्याला स्वाहिलीत ‘मासिका’ म्हणतात. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचा धाकटा पाऊस म्हणजे ‘वुली’. या दोन पावसांमागे टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मासाई मारा या माळरानांतून फिरणारे कळपांचे चक्र हा सफारीचा सर्वांत मोठा मान, आणि सर्वांत मोठा गैरसमजही. दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट (बैलासारख्या तोंडाची मोठी हरणे) आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व हरणे वर्षभर फिरतच असतात. ‘स्थलांतर पाहायला ऑगस्टमध्ये जायचे’ म्हणजे त्या फेरीचा एक तुकडा पाहायचा. जानेवारी ते मार्च कळप टांझानियाच्या दक्षिणेकडे, न्डुटूच्या परिसरातील आखूड गवताच्या माळांवर असतात. ज्वालामुखीच्या राखेने ही जमीन खनिजसंपन्न केली आहे, म्हणून विणीसाठी माद्या इथे जमतात. बहुतेक पिल्ले फेब्रुवारीच्या आसपासच्या दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. ओले, लटपटते पिल्लू काही मिनिटांत उभे राहते आणि लगेच आईमागे धावू लागते. तरस आणि चित्ते टपलेलेच असतात. पुढे कळप पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे आणि मग उत्तरेला सरकतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदी ओलांडण्याचा प्रसंग घडतो. हजारो जनावरे काठावर तासन्‌तास घुटमळतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. एकाने उडी घेतली की बाकीची लोटतात. खाली मगरी असतात आणि वर काठाला गाड्यांची रांग. केनियाच्या मासाई मारात परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे आहे; गर्दीचा भाव यावरून कळावा. एकदाच जाणे होणार असेल, तर नदीपेक्षा फेब्रुवारीतला तो माळ निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पावसाळ्याला कंपन्या ‘हिरवा हंगाम’ म्हणतात. नाव विक्रीसाठी असले, तरी त्यात तथ्य आहे. दर उतरतात, धूळ बसते, नोव्हेंबरपासून युरोप-आशियातले पाहुणे पक्षी पोहोचतात. लोणावळ्याच्या आसपास हिवाळ्याच्या तोंडावर काही दिवस दिसून जाणारा अमूर ससाणा अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेकडेच निघालेला असतो. उलट चातक पूर्व आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतो. मध्य कालाहारीत तर पावसानंतरच हरणे गोळा होतात, तिथे कोरड्या काळात जाण्यात फारसा अर्थ नाही. अडचण जमिनीची. मारा आणि सेरेंगेटीच्या बऱ्याच भागात आपल्या कापसाच्या रानासारखी काळी माती आहे. एक जोराची सर आली की चारचाकी गाडीही त्यात रुतून बसते. लुआंग्वा खोऱ्यातील पर्यटकांचे अनेक तळ, रस्ते पाण्याखाली जात असल्याने, पावसाळ्यात बंदच राहतात.

रवांडा-युगांडातील पर्वतीय गोरिला वर्षभर त्याच जंगलात असतात. तिथे हंगाम चढणीच्या चिखलापुरता. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बरे. टांझानियातील न्गोरोंगोरो विवरातही बहुतेक प्राणी बारमाही दिसतात.

पाऊस वेळापत्रक पाळतोच असे नाही. हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा तापला की पूर्व आफ्रिकेत ‘वुली’ धो धो कोसळतो. २०१९ मध्ये तसेच झाले होते. मे २०२४ च्या सुरुवातीला मासाई मारात नदीचे पाणी तळांमध्ये शिरले आणि पर्यटकांना बाहेर काढावे लागले.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची अडचण शाळेच्या सुट्ट्यांची असते. मे महिन्यात केनिया-टांझानियात ‘मासिका’ सरत आलेला असतो, पण सरलेला नसतो. त्या सुट्टीत दक्षिणेकडे, क्रूगर किंवा बोट्स्वानातील चोबे उद्यानाच्या बाजूला जाणे शहाणपणाचे. दिवाळी लवकर आली तर मारात शेवटचे कळप सापडू शकतात. नोव्हेंबरात गेली तर ‘वुली’ची तयारी ठेवावी. तारीख कुठलीही असो, केनिया-युगांडातून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागतात आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी ग्राह्य होते. तिकिटाआधी ते दिवस मोजावेत.