चिमणीत न डोकावता कार्बनचा हिशेब

महाराष्ट्रातले सगळे कारखाने मिळून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे दाखवणारा मीटर कुठेही नाही. मोठ्या चिमण्यांमध्ये संवेदक असतात, पण त्यांचं लक्ष मुख्यतः धूलिकण आणि गंधक-नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर. उपग्रहांचाही फारसा उपयोग नाही. हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायू आधीच 420 हून अधिक भाग आहे. एखाद्या कारखान्यामुळे त्यात पडलेली भर वरून बघताना जेमतेम काही भागांची दिसते. म्हणून राज्याचा आकडा मोजत नाहीत, मांडतात: किती जाळलं आणि त्यात कार्बन किती होता.

गणित शाळेतलंच आहे. कार्बनचा अणुभार 12, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44. म्हणजे एक टन कार्बन पूर्ण जळला की 3.67 टन वायू. आपल्या दगडी कोळशात राख भरपूर. टनात 400 किलो कार्बन धरला तर वायू होतो सुमारे 1.47 टन. आयात कोळशात कार्बन जास्त, पण तेवढीच आच मिळवायला तो कमी लागतो. म्हणून जाणकार कोळशाच्या टनांवर न थांबता त्यातून मिळणाऱ्या उष्णतेवर हिशेब करतात.

खरी गंमत सिमेंटमध्ये आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना पट्ट्यात चुनखडी आहे, म्हणून तिथे सिमेंटचे कारखाने आले. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. हा वायू इंधनाचा नव्हे, दगडाचा. उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर तापवली तरी तो सुटणारच. भट्टीतून निघणाऱ्या आणि दळल्यावर सिमेंट होणाऱ्या गोळ्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात सुमारे 65 टक्के चुना धरला, तर टनामागे 0.51 टन वायू नुसत्या दगडातून येतो. मोजायचं असतं ते क्लिंकर, सिमेंटची पोती नव्हेत, कारण पोत्यात औष्णिक केंद्राची राखही मिसळलेली असते. क्लिंकर परराज्यात नेऊन दळलं, तरी हा वायू भट्टी असलेल्या राज्याच्याच नावावर.

अलिबागजवळ थळला युरिया होतो. तिथे हिशेब उलटा फिरतो. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड युरियात बांधला जातो: 60 किलो युरियात 44 किलो. शेतात टाकल्यावर युरिया फुटतो आणि वायू मोकळा होतो. 2006 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीनुसार तो कारखान्याच्या खात्यातून वजा करून शेतीच्या खात्यात टाकतात. थळचा युरिया मध्य प्रदेशातल्या गव्हाला गेला तर तो तिकडच्या शेतीचा. रसायनशास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. पण ‘उद्योगाचं उत्सर्जन घटलं’ असं कुणी सांगितलं की हा खाते-बदल झालाय का, हे मी आधी विचारतो.

मोठी दिशाभूल टक्केवारीतून होते. भारताने 2024 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात 2020 सालच्या हरितगृह वायूंपैकी औद्योगिक प्रक्रियांचा वाटा 8 टक्क्यांच्या आसपास आहे, ऊर्जेचा 75 टक्क्यांहून जास्त. यावरून उद्योग निर्दोष ठरवणं चूक आहे, कारण भट्टीत आणि बॉयलरमध्ये जळलेला कोळसा ‘ऊर्जा’ या खात्यात जातो. ‘प्रक्रिया’ म्हणजे दगडातून सुटलेला वायू आणि तत्सम. महावितरणच्या तारेतून घेतलेली वीजही कारखान्याच्या खात्यात नसते, ती कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या नावावर लागते. दोन्हीकडे धरली तर तोच वायू दोनदा मोजला जातो.

साखर कारखान्याच्या बॉयलरमधल्या बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला, म्हणून तो वेगळा नोंदवतात, बेरजेत धरत नाहीत. गुऱ्हाळातल्या चिपाडाचंही तेच.

वीटभट्टीला ही सवलत नाही, तिथे कोळसा जळतो. कारखान्यांची वार्षिक पाहणी नोंदणीकृत कारखान्यांपुरती असते, आणि बऱ्याच वीटभट्ट्या तिच्या बाहेर राहतात. मग विटा किती भाजल्या याचा एक अंदाज, विटेमागे कोळसा किती याचा दुसरा, आणि त्या दोघांचा गुणाकार. क्लिंकरचा आकडा कारखान्याच्या वजनकाट्यावरून येतो, हा असा. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी बसतात. शेजारच्या रकान्यात चुकीची शक्यता किती टक्के हे छापलेलं असेल, तरच त्या दोघांची बेरीज वाचण्यात अर्थ आहे.