रेल्वेच्या जुन्या इमारतीत रेस्टॉरंट आणि बार: ठाण्यात अर्ज कुठे, कोणत्या क्रमाने, कोणत्या कागदांसह

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ३४ किलोमीटर धावून आपल्या ठाण्यात पोचली, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. मग रुळांलगत एखादं काळ्या दगडाचं गोदाम, कौलारू क्वार्टर किंवा ओस पडलेली केबिन दिसली, की 'इथे झकास रेस्टॉरंट होईल' असं कोणाच्याही मनात येणारच. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकात १९०१ साली सुरू झालेलं उपाहारगृह आजही दिमाखात चालतं, आणि लंडनच्या सेंट पँक्रसच्या जुन्या तिकीटघरात बार आहे. ठाण्यात हे जमवायचं, तर इंटिरियरवाल्याला फोन लावायच्या आधी नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेचं मालमत्ता पत्रक काढा. पुढचं सगळं त्यावर कोणाचं नाव आहे यावर ठरतं.

जागा स्थानकाच्या हद्दीत असेल, तर साध्या अर्जावर ती कोणालाच मिळत नाही. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाचं वाणिज्य खातं अशा जागा लिलावाने देतं. रेल्वेच्या ई-लिलावाच्या आयआरईपीएस या संकेतस्थळावर नोंदणी करायची, डिजिटल स्वाक्षरी घ्यायची आणि बोली लावायची. सीएसएमटीला १८ नंबरच्या फलाटासमोर २०२१ साली जुन्या डब्यात सुरू झालेलं 'रेस्टॉरंट ऑन व्हील्स' तुम्ही पाहिलं असेल. तो प्रकार रेल्वेच्या 'भाड्याव्यतिरिक्त महसूल' धोरणातला, म्हणजे तिकीट-भाड्याखेरीज कमाई करण्याच्या. मिळतो तो ठरावीक मुदतीचा परवाना. मालकी रेल्वेचीच राहते. तेव्हा खर्चाचं गणित मुदत बघून मांडा. आणि इथे बार विसरा. स्थानकाच्या हद्दीत मद्यविक्रीला वाव नाही. उलट दारू पिऊन रेल्वेच्या आवारात फिरणं हाच रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४५ खाली गुन्हा आहे.

गाड्यांच्या कामाला न लागणारी, स्थानकाबाहेरची मोकळी रेल्वे जमीन असेल, तर ती विकसित करण्याचं काम रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाकडे असतं. त्यांच्या निविदेच्या अटी शब्दन् शब्द वाचा. वापरावरची बंधनं तिथेच लिहिलेली असतात, आणि मद्याबद्दल मोघम लिहिलं असेल तर बोलीपूर्व बैठकीत लेखी खुलासा मागा. तोंडी 'हो' वर कोणी पैसे अडकवू नये.

बारसाठी खरी सोयीची वास्तू म्हणजे कधीकाळी रेल्वेची असलेली, पण आता खासगी मालकीत आलेली. तिथेही रेल्वेची हद्द ३० मीटरच्या आत असेल, तर बांधकामाला रेल्वेचं ना-हरकत लागतं.

आता वारसा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे राज्याची २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. वास्तू वारसा यादीत आहे का, हे महापालिकेच्या शहर विकास विभागात लेखी विचारा. यादीत तीन श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर बहुधा चालतो, पण दर्शनी भाग जपावा लागतो. तिसरीत बरीच मोकळीक असते. परवानगीच्या अर्जासोबत मोजणी नकाशा, आजच्या स्थितीचे फोटो, प्रस्तावित आराखडा आणि संरचना अभियंत्याचा स्थैर्य अहवाल जोडा. वारसा संवर्धनाचं काम केलेला वास्तुविशारद घ्या, पैसे वाचवू नका. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला, की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. रुळाशेजारी तर गाड्यांचे हादरे दिवसभर चालूच, त्यामुळे जुने वासे आणि तुळया आधी तपासून घ्या.

सगळ्यात अडतं ते भोगवटा प्रमाणपत्रापाशी, म्हणजे इमारत वापरायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्यापाशी. शंभर वर्षांच्या इमारतीला ते कुठून असणार? आणि पुढचे बहुतेक परवाने तेच मागतात. म्हणून आधी वापर बदलाची परवानगी घ्यायची, मंजूर नकाशाप्रमाणे काम करायचं आणि मग महापालिकेकडून नवा भोगवटा दाखला मिळवायचा. हा टप्पा ओलांडून पुढे पळालात, तर फिरून इथेच याल.

अग्निशमन दलाचं ना-हरकत राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली लागतं. लाकडी जिना, कौलाखालचं फळ्यांचं छत आणि एकच दरवाजा, ही जुन्या वास्तूची शोभा अग्निशमन अधिकाऱ्याला धोका म्हणूनच दिसते. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, तेव्हा अधिकाऱ्याचं चुकतंय असं म्हणवत नाही. दुसरा बाहेर पडायचा मार्ग आराखड्यातच काढा. पुढे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो.

खाद्य परवाना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतो. रेल्वेच्या आवारातल्या जागेसाठी केंद्रीय परवाना घ्यायचा, हे अनेकांना ठाऊक नसतं. दुकाने व आस्थापना नोंदणी आणि जीएसटी तुमचा सीए उरकून देईल. मद्य मात्र जीएसटीत येत नाही, त्यासाठी व्हॅटची नोंदणी वेगळी.

शेवटी परमिट रूम, म्हणजे बार. त्यासाठी एफएल-३ अनुज्ञप्तीचा (मद्य जागेवरच देण्याच्या परवान्याचा) अर्ज ठाण्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. अर्जदार सज्ञान आणि गुन्हेगारी शिक्षेपासून मुक्त हवा. आधार, पॅन, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला, भागीदारी असेल तर तिचा करार, जागेचा नोंदणीकृत भाडेकरार, मालकाची मद्यविक्रीला स्पष्ट संमती, भोगवटा दाखला, खाद्य परवाना आणि नकाशा एवढं एका फाईलीत लावून ठेवा. शाळा आणि धार्मिक स्थळापासूनचं अंतर निरीक्षक स्वतः मोजतात, तेव्हा गल्लीतलं छोटं देऊळही नजरेतून सुटू देऊ नका. अनुज्ञप्ती ३१ मार्चला संपते, दरवर्षी नूतनीकरण.

नकाशात काउंटर, कोठार आणि बसायची जागा नीट रंगवून दाखवा. मद्य तेवढ्याच जागेत देता येतं. रुळांकडे तोंड असलेला तो व्हरांडा, ज्यासाठी तुम्ही ही इमारत निवडलीत, तो नकाशात राहून गेला तर तिथे फक्त चहा.