प्रॉम्प्टर विंगेतून गेला तेव्हा

सांगलीत 1843 साली 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं राहिलं, तेव्हा नटाला वाक्य विसरण्याची भीती नव्हतीच, कारण वाक्यं लिहिलेलीच नव्हती. सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे नेई आणि पात्रं प्रसंगाला धरून आयत्या वेळी बोलत. तमाशाच्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांतही तेच. तिथे सोंगाड्याला धास्ती असते ती हशा न येण्याची.

पाठांतराची भीती आली 1860 नंतर, 'बुकिश' नाटकांबरोबर. संहिता छापील झाली, एकाचं शेवटचं वाक्य दुसऱ्याचा क्यू, म्हणजे बोलायला सुरुवात करण्याची खूण ठरलं. एकानं वाक्य खाल्लं की दुसरा अडकू लागला. संगीत नाटकानं त्यात सुराची भर घातली: घाबरलेला गायकनट श्वास वरच्या वर घेतो आणि तान मध्येच तुटते. समोरून 'वन्समोअर' आला की तोच नट तेच पद दुप्पट ताकदीनं म्हणतो. थरार आणि भीती एकाच धडधडीतून येतात.

या भीतीवरचा उपाय म्हणजे प्रॉम्प्टर. 'वाक्य सांगणारा' एवढीच त्याची ओळख सांगितली जाते, ती अपुरी आहे. चांगला प्रॉम्प्टर पहिल्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, नटाचे डोळे दिसतील असा उभा राहतो. तो पूर्ण वाक्य देत नाही, पहिले दोन-तीन शब्द देतो. तेही कुजबुजून नाही, तर खालच्या पण स्वच्छ आवाजात, कारण कुजबुजीत शब्दांचा फक्त फुसफुसाट होतो. प्रत्येक पॉझची खूण त्याच्या प्रतीत पेन्सिलीनं केलेली असते. ती नसली की तो ठरवून घेतलेल्या पॉझमध्ये शब्द टाकतो आणि सगळा प्रसंग कोसळतो. म्हणून तो पहिल्या तालमीपासून हजर हवा. प्रयोगाच्या दिवशी हाताला लागेल त्याला वही देणं ही आजही सर्रास होणारी चूक आहे.

मग माइक आले. वर टांगलेला किंवा विंगेजवळचा माइक प्रॉम्प्टरचा आवाजही उचलतो आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. नाट्यस्पर्धांमुळे प्रॉम्प्टिंग म्हणजे कच्ची तालीम, असं समीकरण झालं. मग अनेक संघांनी प्रॉम्प्टर काढूनच टाकला. पाठांतर पक्कं झालं, हे खरं. पण हौशी नटासाठी हा निर्णय कठोर होता. दिवसा नोकरी करून रात्री दोन तास तालीम करणाऱ्याला विंगेत कुणीतरी आहे एवढ्यानंच धीर यायचा, आणि धीर आला की विसरणंही कमी व्हायचं. माइकची जागा बदलता आली असती. माणूस काढला गेला.

आता तो भार तालमीवर आला आहे. शेवटचे आठ दिवस वही खाली ठेवून तालीम. आपल्या वाक्याबरोबर आधीच्या पात्राचं वाक्यही पाठ. भीती सर्वात जास्त असते ती प्रवेशाआधी आणि पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत, म्हणून पहिली तीन वाक्यं झोपेतही यावीत इतकी घोटायची. तोंडाला कोरड पडते, तेव्हा विंगेत पाण्याचा घोट. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. आणि समोरचा अडकलाच तर त्याच्या पुढच्या वाक्यातला एक शब्द घालून त्याला प्रश्न विचारायचा: "म्हणजे पत्र आलं तुम्हाला?"